गाडी भरायची कशी विचारतोस, पण रिकामी कशी करणार?

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांचा आहे, चिंचवडला एका कारखान्यात कामाला आहे. माझ्याकडे २०१९ची पेट्रोल स्विफ्ट आहे. नोव्हेंबरच्या शेवटी चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी एक दिवस चालवायला मिळणार आहे. शर्यत नाही, नुसता ट्रॅक डे. मी आणि मावसभाऊ याच गाडीने पुण्याहून जाणार आणि परत येणार. न्यायचं सामान असं : स्टीलच्या रिमवरचे जुने चार टायर (गाडीला आत्ताच नवे टायर घातलेत, ते ट्रॅकवर झिजवायचे नाहीत), ट्रॉली जॅक, पान्यांची पेटी, अग्निशामक, दोन हेल्मेट, आइसबॉक्स, दोन घडीच्या खुर्च्या, गझिबो, दहा लिटर पेट्रोलचा कॅन, दोघांच्या बॅगा आणि आईने दिलेला खाऊ. मागच्या सीटची पाठ एकसंध आहे. ती पाडून रविवारी भरून बघितलं. सगळं मावलं नाही, आणि जे मावलं त्याच्यामुळे मागचं काही दिसेना. वर कॅरियर बसवू का? की मागचं सीटच काढून टाकू?
— 'स्विफ्टवाला', चिंचवड

उत्तर :

बाबा रे, सीट काढू नकोस आणि कॅरियरही बसवू नकोस. तू एक गोष्ट धरलीच नाहीस : ट्रॅकवर उतरण्याआधी ही सगळी यादी तुला गाडीबाहेर काढायची आहे.

जी गाडी सामान वाहणार तीच ट्रॅकवर पळणार, सगळी गोम इथे आहे. शर्यतवाल्या टीमकडे सामानाचा टेम्पो वेगळा असतो आणि गाडी ट्रेलरवरून येते. त्यांना भरता आलं की पुरे. तुला मात्र भल्या सकाळी, रात्रीची झोप डोळ्यांवर असताना, पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या आवारात, गाडी पार झाडून रिकामी करावी लागेल. स्टेपनी, जॅक, पायाखालच्या मॅट, दाराच्या कप्प्यातली छत्री, ग्लोव्हबॉक्समधली नाणी, सगळं बाहेर. त्याच वेळात नोंदणी, गाडीची तपासणी आणि ड्रायव्हर ब्रीफिंग (चालकांना नियम समजावण्याची बैठक) उरकायचं. ब्रीफिंग चुकलं तर ट्रॅकवर सोडत नाहीत. संध्याकाळी हाच पसारा दमलेल्या हातांनी परत आत घालायचा. म्हणून डिकीत किती मावतं हा हिशेब बाजूला ठेव. काय झटपट बाहेर निघेल आणि बाहेर दिवसभर नीट राहील, यावर यादी बेत. तसं केलंस की तुझी निम्मी यादी आपोआप गळेल.

आधी टायरचं बघू, कारण खरा गोंधळ त्यांनीच घातलाय. तुझ्या मापाचा टायर उभा धरला तर साधारण ६२ सेंटिमीटर उंच आणि सतरा ते एकोणीस सेंटिमीटर रुंद. स्टीलच्या रिमसकट एकेक पंधरा किलोच्या आसपास, म्हणजे चारांचे साठ किलो. एक किरकोळ माणूसच मागे बसवल्यासारखं झालं. तेवढ्यावरही भागत नाही. एक टायर आला की त्याच्यामागे अख्खं वऱ्हाड येतं. चाकं बदलायची म्हणून ट्रॉली जॅक, जॅकवर विसंबून राहता येत नाही म्हणून स्टँड, जमीन भुसभुशीत निघाली तर खाली घालायला फळी, मोठा पाना, हातमोजे. आणि हे सगळं वापरायला जो वेळ लागतो तो त्या सकाळी तुझ्याकडे नाही. संध्याकाळी पुन्हा चारही चाकं बदलायची ती वेगळीच.

बरं, ते जुने टायर किती जुने? कडेवर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. गाडीबरोबर आलेले असतील तर त्यांची सहा-सात वर्षं झाली. वर खाच उरलेली दिसली तरी आतलं रबर कडक झालेलं असतं, आणि कडक रबर वळणावर धरत नाही, सटकतं. पावसात तर विचारूच नकोस. आणि तू ज्या दिवसांत चालला आहेस ते तिकडचे पावसाचेच दिवस आहेत. पुण्यात दिवाळी झाली की आपण छत्र्या माळ्यावर टाकतो. चेन्नईच्या बाजूला ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो आणि नोव्हेंबरात भरात असतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला तर दिवसभरही कोसळेल. अशा ट्रॅकवर जुनाट टायर घालून उतरणं म्हणजे बचत नव्हे.

नवे टायर ट्रॅकवर झिजतात ही तुझी भीती खोटी नाही. नव्याकोऱ्या टायरच्या खाचांमधले रबरी ठोकळे उंच असतात. जोरात वळताना ते हलतात, तापतात, त्यांच्या कडा फाटतात. पण पुण्याहून तिथे पोहोचेपर्यंत साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं, तेवढ्यात टायर बऱ्यापैकी रुळतात. शिवाय पहिल्यांदा जाणाऱ्याचं सेशन पंधरा-वीस मिनिटांचं असतं. त्यातही गाडी बाहेरच्या बाजूला घसरायला लागली, टायर सतत किंचाळायला लागले की एक लॅप सावकाश मारून आत यायचं. एवढं पाळलंस तर टायरच्या खांद्यांवरचं (कडेच्या गोलाईवरचं) थोडं रबर तिथे ठेवून येशील, टायर फुकट जाणार नाहीत. नवे टायर घालूनच जा. जुने घरी राहू देत, आणि त्यांच्याबरोबर ट्रॉली जॅकही. वाटेत पंक्चर झालंच तर स्टेपनीला गाडीतला कात्री-जॅक पुरतो.

पुढेमागे तुला हा नाद लागला (लागतोच) आणि खास ट्रॅकसाठी मऊ टायरांचा दुसरा सेट घेतलास, तर तो न्यायची रीत आत्ताच सांगून ठेवते. पाठ न पाडता दोन टायर मागच्या सीटवर जुनी चादर टाकून उभे बसवायचे, सीटबेल्ट रिमच्या भोकातून ओवून लॉक करायचा. उरलेले दोन डिकीत पाठीला टेकवून. आत्ता मात्र हे डोक्यातून काढ.

गझिबो, म्हणजे तो घडीचा मांडव, घरी. घडी घातली तरी तो तुझ्या मावसभावाएवढा लांब असतो, स्विफ्टमध्ये तिरका घालावा लागतो आणि एक टोक कायम कुणाच्या तरी कानाशी राहतं. पेट्रोलचा कॅन तर अजिबात नको. बंद गाडीत, उन्हात, दोन माणसं आणि दहा लिटर पेट्रोल! त्याची वाफ झाकणातून झिरपतेच. गरजही नाही. श्रीपेरुंबुदूर हे काही रान नाही. ट्रॅक ज्या इरुंगाट्टुकोट्टाई गावाच्या हद्दीत आहे तिथेच ह्युंदाईचा कारखाना आहे, आजूबाजूला सुट्या भागांचे कारखाने पसरलेत आणि समोरून चेन्नई–बेंगळुरू हायवे जातो. चिंचवडच्या माणसाला वातावरण घरच्यासारखं वाटेल. पेट्रोल पंप आहेत, पंक्चरवाले आहेत, पाण्याचे जार मिळतात. आदल्या संध्याकाळी टाकी काठोकाठ भर. स्विफ्टची टाकी ३७ लिटरची. हायवेवर अठरा देणारी गाडी ट्रॅकवर पाच-सहावर आली तर दचकू नकोस. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नकोस, कारण लांब वळणात पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढायला लागतो. जेवणाच्या सुट्टीत एक फेरी पंपावर मारायची तयारी ठेव.

कॅरियरला नाही म्हणायचं कारण वेगळं. तुझ्या गाडीत जागा कमी पडतेय हे खरंच नाही, आणि टपावर वजन चढवून साडेअकराशे किलोमीटर जाणं हलक्या, उंच गाडीला मानवत नाही. मागचं सीट तर उलट हवंच आहे. ती पाठ म्हणजे तुम्ही दोघं आणि सामान यांच्यामधली भिंत आहे. एकसंध पाठ पाडली की डिकीतलं सगळं थेट तुमच्या डोक्यामागे येतं. हायवेवर कुणी ट्रॅक्टर आडवा घातला आणि तू ब्रेकवर उभा राहिलास, तर पान्यांची पेटी थांबत नाही, ती निघालेल्या वेगानेच पुढे येते. म्हणून नियम एकच धर : पाठ उभी ठेवून जे मावेल तेवढंच सामान.

मग न्यायचं काय आणि कशात? बाजारातल्या भाजीवाल्याकडून टोमॅटोची दोन कॅरेट घे. तीच, प्लॅस्टिकची, जाळीची, एकावर एक बसणारी. साधारण ५४ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद, २९ उंच. मापं थोडी इकडेतिकडे असतात, म्हणून आणण्याआधी डिकीला टेप लाव. तुझ्या स्विफ्टची डिकी कागदोपत्री २६८ लिटरची, पण चाकांच्या कमानी आणि दाराचा उतार त्यात जागा खातात, तेव्हा लिटरवर जाऊ नकोस. घरच्या फरशीवर खडूने डिकीचा तळ आखून त्यात कॅरेट मांडून बघ. कॅरेटचा फायदा असा की पॅडॉकमध्ये दोन खेपांत डिकी रिकामी होते, बॅगा धुंडाळाव्या लागत नाहीत, आणि उलटं घातलं तर बसायलाही होतं. एक खुर्ची तिथेच वाचली. दुसरी न्यायची असेल तर ने, ती चपटी असते, मागच्या सीटच्या पायांपाशी जाते.

पहिलं कॅरेट गाडीचं. त्यात हवा मोजायचा चांगला गेज, १२ व्होल्टवर चालणारा हवेचा पंप, टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) आणि तुझ्या नटांना बसणारा सॉकेट. तो घरीच लावून बघ, तिथे जाऊन नको. मोजके पाने, स्क्रूड्रायव्हर, पक्कड, झिप टाय, चांगली रुंद चिकटपट्टी, इन्शुलेशन टेप, जुन्या बनियनच्या चिंध्या, जाड हातमोजे, टॉर्च. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं एक लिटर इंजिन ऑइल. ब्रेक ऑइलची न फोडलेली छोटी बाटली, उभी, वेगळ्या पिशवीत बांधून. ती फोडलेली असेल तर नेऊच नको, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. सांडलं तर रंग उडवतं, म्हणून हेल्मेटच्या जवळपासही नको. टो हुक (गाडी ओढून काढायचा आकडा) कुठे आहे ते आत्ताच शोध. बऱ्याच गाड्यांत तो जॅकच्या सामानात असतो आणि बंपरवरचं झाकण उघडून आटे फिरवून बसवावा लागतो. वाळूत रुतलास तर मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचे मदतनीस, पहिल्यांदा तोच मागणार, आणि तो डिकीच्या तळाशी असून उपयोग नाही. एक लाकडी ठोकळाही टाक, तो का ते पुढे सांगते.

तुझ्या भल्यामोठ्या पान्यांच्या पेटीतलं निम्मं तू तिथे हातात घेणार नाहीस. पॅडॉकमध्ये जे खोललं जातं ते सहसा परत नीट बसत नाही. जे खोलावंसं वाटतंय ते जायच्या आधी आठवड्यात चिंचवडच्या गॅरेजमध्ये खोलून घे. ब्रेक ऑइल बदल : डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५पर्यंत खाली येऊ शकते, आणि उकळलं की पेडल थेट जमिनीला. ब्रेक पॅड निम्म्याहून पातळ असतील तर तेही बदल आणि थोडे रुळव. हे केलंस तर पेटीतलं दहा किलो लोखंड घरी राहील.

दुसरं कॅरेट माणसांचं. उन्हाची टोपी, सनस्क्रीन, ओआरएस, मीठ-साखर-लिंबू, सुका टॉवेल, कोरडा शर्ट, मोजे, साधं प्रथमोपचाराचं सामान, पेन, जाड पुठ्ठ्याची वही. आणि आईचा खाऊ. तो स्टीलच्या डब्यात देणार असतील तर डबा याच कॅरेटमध्ये तळाशी, वर टॉवेल. मागच्या काचेजवळच्या फळीवर डबा, हेल्मेट, कॅमेरा यांतलं काहीही ठेवायचं नाही. ती फळी पुठ्ठ्याइतकीच मजबूत असते. आइसबॉक्सऐवजी पाच-सात लिटरचा तोटीचा थर्मास जग ने, आणि २० लिटरचा पाण्याचा जार तिथे विकत घे. साडेअकराशे किलोमीटर पाणी वाहून नेण्यात काय अर्थ आहे? नोव्हेंबर असला तरी समुद्रकाठचा दमटपणा असतो. काचा वर, एसी बंद, डोक्यावर हेल्मेट, वीस मिनिटं. पाणी नुसतं पिऊ नकोस, त्यात मीठ-साखर घालून पी.

कॅरेटला झाकण नसतं, म्हणून दोन्हींवर जाड ताडपत्रीचा एकच मोठा तुकडा. येताना तो सामानावर पांघरूण, पॅडॉकमध्ये खाली अंथरायला, पाऊस आला की सामान झाकायला. पिट गॅरेजमध्ये (ट्रॅकलगतच्या छपराच्या गाळ्यात) जागा मिळेल यावर विसंबू नकोस. मिळाली तर उत्तम.

आता सुट्या वस्तूंचं, आणि यात मी तुझ्या मागे लागणार आहे. हा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. पूर्वी मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. हा कायमचा ट्रॅक त्यांनी १९९०मध्ये सुरू केला, आणि आता त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. सरळ पट्ट्यावर तुझी स्विफ्टसुद्धा चांगला वेग पकडेल आणि पुढच्या वळणाआधी तू हायवेवर कधी मारला नसशील इतका जोरात ब्रेक मारशील. त्या क्षणी सीटखाली लोळणारी एक लिटरची बाटली कुठे जाते? पुढे. पेडलांच्या खाली. दुसऱ्यांदा ब्रेक दाबायला जाशील तेव्हा पेडल अर्ध्यात अडकेल. इंजिनाच्या भीतीने रात्रभर जागणारी मुलं ही बाटली विसरतात.

तेव्हा सगळं काढ. ड्रायव्हरच्या बाजूची मॅट तर आधी. मोबाइलचा स्टँड, सुगंधाची बाटली, मानेच्या उश्या, आरशाला लटकणारं लिंबू-मिरची किंवा बाहुलं. स्टिअरिंगवर कव्हर असेल तर घरीच उतरव, ते घामाने फिरतं. डॅशबोर्डवरच्या बाप्पाला हलकेच काढून टॉवेलमध्ये गुंडाळून माणसांच्या कॅरेटमध्ये बसव. चिकटपट्टीवर बसलेला बाप्पा ब्रेकच्या झटक्यात सुटून आला तर त्याचाही अपमान आणि तुझाही. अग्निशामक सीटच्या तळाला लोखंडी पट्टीने बोल्ट करून बसवलेला असेल तरच आत राहू दे. सुटा असेल तर तोही बाहेर, ट्रॅकवर मार्शलांकडे त्यांचा असतो. कॅमेरा लावायचा तर आयोजकांना विचारून. चोखणीने काचेला चिकटणारे स्टँड उन्हात सुटतात.

दोन हेल्मेट कशाला, हे तुझ्या पत्रातून कळलं नाही. मावसभाऊ शेजारी बसणार असेल तर त्याला परवानगी आहे का ते आधी विचार, कित्येक ठिकाणी नसते. नसेल तर एक हेल्मेट कमी झालं. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं हवं, आणि कोणत्या मानांकनाचं चालतं ते त्यांच्या पत्रकात बघ. मोटरसायकलचं चालेल असं गृहीत धरू नकोस. कपडे सुती, लांब बाह्यांचे. नायलॉन आगीत वितळून चिकटतं. बूट पातळ तळव्याचे, बंद. ट्रेकिंगच्या बुटांनी ब्रेक कळत नाही. हेल्मेट पिशवीत घालून मागच्या सीटवर ठेव आणि पिशवीच्या बंदातून सीटबेल्ट ओव. कपड्यांच्या बॅगा मऊ असू देत, चाकांच्या सूटकेस नकोत. मऊ बॅग कॅरेटांच्या फटीत जाते आणि त्यांना हलूही देत नाही.

भरताना क्रम असा ठेव : गाडीचं कॅरेट आधी, सीटच्या पाठीला घट्ट टेकवून. जड वजन जितकं पुढे आणि खाली, तितकं बरं. डिकीच्या दाराशी ते लोंबतं ठेवलंस तर पुढची चाकं हलकी होतात. त्याच्या शेजारी माणसांचं कॅरेट. दाराशी मऊ बॅगा आणि कागदपत्रांचं पाकीट. वर ताडपत्री. खिडकीच्या खालच्या कडेवर काहीही जाऊ देऊ नकोस, म्हणजे मागचं दिसेल. वाटेत स्टेपनी लागली तर डिकी पूर्ण उपसावी लागणार, त्याला इलाज नाही, पण दोन कॅरेट आणि दोन बॅगा उचलायला पाच मिनिटं लागत नाहीत. तेव्हा तू मनातल्या मनात माझं नाव घेशील. निघताना टायरमध्ये हवा भर ती सामानाने भरलेल्या गाडीसाठी सांगितलेली, तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो.

बेंगळुरू पार करून होसूर किंवा कृष्णगिरीला मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशीचा टप्पा हलका राहतो. मुक्कामाला हेल्मेट आणि टॉर्क रेंच खोलीत घेऊन जा. गाडीच्या दोन्ही किल्ल्या एकाच खिशात नकोत, एक भावाकडे.

भावाला नुसतं बघायला नेऊ नकोस, त्याला काम दे. सामानापाशी थांबायचं आणि वही सांभाळायची. सकाळी टायर थंड असतानाची हवा चारही चाकांची लिहायची. सेशन संपवून आलास की लगेच पुन्हा मोजायची. चार-सहा पीएसआय वाढलेली दिसेल, कारण आतली हवा तापलेली असते. तापलेल्या अवस्थेत किती असावी हे तिथल्या प्रशिक्षकाला विचार आणि तेवढी कमी कर. टायरच्या खांद्यावर पांढऱ्या खडूने रेघा मारल्या तर रबर किती बाजूपर्यंत घासतंय तेही दिसतं. एकच गेज दिवसभर वापर. पंपावरचा वेगळं सांगेल, आणि दोन्हींत कुणाचं खरं यावर तुम्ही भावंडं भांडत बसाल. चाकं हाताला सोसवतील इतकी निवली की नट टॉर्क रेंचने तपास, मॅन्युअलमधल्या आकड्याला. पाय देऊन आवळू नकोस.

आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. डिस्क आणि ड्रम भट्टीसारखे तापलेले असतात, त्यावर ब्रेक दाबून ठेवला तर एकाच जागी उष्णता कोंडते. गाडी गिअरमध्ये ठेव आणि चाकाला तो लाकडी ठोकळा लाव. बॉनेट उघड, पण कूलंटच्या झाकणाला हात लावू नकोस.

सामानाच्या यादीत नसलेली पण घेऊन जायची एक गोष्ट म्हणजे पैसे. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात, त्यात शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर भिंतीला घासलास तर विमा कंपनी हात वर करेल, असंच धरून चाल. तुझी पॉलिसी काढून ते कलम वाच. गाडी तिथेच दुरुस्तीला टाकून दोघांना रेल्वेने परतावं लागलं तरी चालेल एवढी रक्कम बाजूला असेल, तरच उतर. आणि त्या शक्यतेसाठी दोन बॅगा अशा भर की खांद्यावर टाकून स्टेशन गाठता येईल. मऊ बॅगांचा आग्रह त्यासाठीही आहे.

शेवटचं सेशन पूर्ण खेचू नकोस, गाडीने अजून घरी यायचंय. आवरताना ओली ताडपत्री, घामेजलेले कपडे आणि घाईत घडी घातलेलं सगळं सकाळपेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून जाताना डिकीचा पाव भाग मोकळाच ठेव. परतीला निघण्याआधी टायरचे खांदे हाताने चाचपून बघ, कुठे रबर फाटलंय का, आतली तार दिसतेय का. ब्रेक पॅड बघ, नट पुन्हा तपास, मॅट परत घाल. दिवसभरात कमी केलेली हवा टायर निवल्यावर परत भर. हे विसरून लोक मऊ टायरांवर रात्रभर हायवे कापतात. तू रात्री निघूच नकोस, झोप काढ. सकाळी परतीच्या वाटेवर कांचीपुरम लागतं, हायवेपासून फार आत नाही. तो मोकळा पाव भाग सगळाच ओल्या कपड्यांनी भरला नसेल, तर आईसाठी एक साडी त्यात सहज मावेल.